दानपत्र आणि सातबारा

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ढोंगाविषयी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची सूचना आहे. विषय सोपा आहे, कारण ढोंगाचा अनुभव ज्याला नाही असा मनुष्य आपल्या वस्त्यांत शोधूनही सापडावयाचा नाही. देवळाच्या पायरीवर आपल्याला अडवणारा हात निवडणुकीच्या दिवसांत आपल्या खांद्यावर येतो, हे तुम्ही पाहिले आहे. मजुरीचे दोन पैसे बुडवणारा मालक सप्ताहाच्या पंगतीला पोत्याने साखर देतो, हेही पाहिले आहे. अशा लोकांची नालस्ती करून तासभर टाळ्या मिळवणे मला कठीण नाही. परंतु टाळ्या वाजवून तुम्ही घरी जावे आणि ढोंगी मनुष्याने आपल्या माडीवर सुखाने निजावे, एवढेच जर व्हावयाचे असेल, तर या बोलण्याने त्याचे काय बिघडले?

म्हणून मी आज एकच उदाहरण घेणार आहे. त्यात धर्माची भाषा आहे, राज्यकर्त्यांचा आशीर्वाद आहे आणि मोठमोठ्या जमीनदारांचे औदार्य आहे. ज्यांच्या नावाने तो सोहळा झाला ते मात्र तुमचे-आमचे वाडवडील होते. हे उदाहरण भूदानाचे.

१८ एप्रिल १९५१ चा दिवस. त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यात पोचमपल्ली नावाचे गाव आहे. विनोबा भावे पदयात्रा करीत तेथे आले. हे विनोबा आपल्याच मुलखातले, कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे. वर्ध्याजवळ पवनारला त्यांचा आश्रम. पोचमपल्लीच्या अस्पृश्य वस्तीत ते गेले तेव्हा तेथील चाळीस कुटुंबांनी त्यांना काय सांगितले, हे नीट ऐका. त्यांनी कपडे मागितले नाहीत, धान्य मागितले नाही, देऊळ उघडून द्या असेही म्हटले नाही. आम्हांला ऐंशी एकर जमीन हवी, म्हणजे आम्ही कष्ट करून पोट भरू, असे ते म्हणाले. किती एकर लागेल आणि कशासाठी लागेल, याचा हिशेब त्या निरक्षर माणसांनी स्वतः मांडला होता. विनोबांनी गावकऱ्यांपुढे तो प्रश्न ठेवला आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. भूदानाचा जन्म तो असा झाला.

आता त्या वेळचा तो मुलूख कसा होता, तेही लक्षात घेतले पाहिजे. तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. देशमुखांच्या जमिनी कुळे आणि मजूर ताब्यात घेत होते. लष्कर आले होते, माणसे मारली जात होती. जमीनदाराला रात्रीची झोप नव्हती. ज्या मुलखात जमीन बळाने जात होती, त्याच मुलखात ती प्रेमाने देण्याची कल्पना निघाली आणि सरकारला व धनवंतांना ती तत्काळ आवडली, यात नवल कसले? शंभर एकर देऊन हजार एकर वाचत असतील, तर त्या शंभरांना दान म्हणावे की विम्याचा हप्ता, हा विचार ज्याने त्याने करावा.

विनोबांच्या अंगावर ढोंगाचा आरोप टाकण्याचे मला कारण नाही. तेरा वर्षे तो मनुष्य हिंदुस्थान पायी तुडवीत राहिला. स्वतःसाठी त्याने काही साठवले नाही. त्याची माझी वाट एक नसली, तरी त्याच्या चालण्यात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. परंतु खऱ्या साधूच्या सावलीत उभे राहण्याची सोय ढोंगी माणसाला फार मानवते. खोट्या साधूची फजिती कधी ना कधी होते. खऱ्याची होत नाही, म्हणून त्याच्या आडोशाला लपणे अधिक सुरक्षित असते.

भूदानाला 'यज्ञ' हा शब्द जोडला गेला. यज्ञात आहुती देणारा यजमान मोठा ठरतो आणि सोहळ्याचे पुण्य त्याच्या पदरी पडते. ज्याला जमीन मिळावयाची त्याला त्या यज्ञात कोठले स्थान? तो केवळ पुण्याचे निमित्त. जमिनीवर त्याचा हक्क होता, पिढ्यान्‌पिढ्या त्यानेच ती कसली होती, ही गोष्ट त्या एका शब्दाने पुसून टाकली. मागणारा हक्कदार होता, तो याचक झाला. धर्माची भाषा आपले काम कसे करते ते येथे पाहावे. ती तुमच्या घरावर दरोडा घालीत नाही. तुमच्या वस्तूचे नाव तेवढे बदलते.

१९५७ पर्यंत पाच कोटी एकर जमवावयाचे, असा संकल्प होता. प्रत्यक्षात सारी वर्षे मिळून जवळजवळ बेचाळीस लाख एकरांची दानपत्रे झाली. हा आकडाही लहान नाही, असे कोणी म्हणेल. पण दानपत्र म्हणजे जमीन नव्हे. पुढे मोजणी करणारे गेले तेव्हा कोठे नदीचे पात्र निघाले, कोठे खडक, कोठे जंगल. काही जमिनींवर अगोदरच दावे चालू होते, तर काही जमीन कायद्याने दात्याकडून जाणारच होती, ती त्याने जाण्यापूर्वी दान करून टाकली. वीस वर्षे होत आली तरी जाहीर झालेल्या जमिनीपैकी निम्मीसुद्धा भूमिहीनांच्या हाती पडलेली नव्हती. ज्याने दानपत्रावर सही केली त्याचा हार गळ्यात पडताच सत्कार पुरा झाला. ज्याच्या नावाने सही झाली तो मात्र वर्षानुवर्षे तलाठ्याच्या दारात बसून राहिला.

भूदानातून पुढे ग्रामदान निघाले. साऱ्या गावाने आपली जमीन गावाच्या मालकीची करावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना मोठी होती यात शंका नाही. पण गावे पुढे येईनात, म्हणून १९६५ मध्ये 'सुलभ ग्रामदान' काढण्यात आले. सुलभ कोणाला? कागदावर मालकी ग्रामसभेची, ताबा मात्र पूर्वीच्याच मालकाचा, आणि भूमिहीनांसाठी विसावा हिस्सा. या सुलभपणामुळे गावांमागून गावे दान होऊ लागली, तालुके दान झाले, जिल्हे दान झाले, आणि १९६९ मध्ये संपूर्ण बिहार राज्य दान झाल्याची घोषणा झाली! 'बिहारदान' असा शब्दच तेव्हा रूढ झाला होता. बिहारमधला मुसहर त्या दिवशी सकाळी ज्या जमीनदाराच्या शेतात मजुरीला गेला, त्याच शेतात दुसऱ्या दिवशीही गेला. अख्खे राज्य दान झाले आणि त्याच्या झोपडीखालची वीतभर जागा काही त्याची झाली नाही. यावर हसावे की रडावे?

आता त्याच वर्षांत आपल्याकडे कायद्याचे काय चालले होते ते पाहू. एकीकडे दान चालू असताना दुसरीकडे हक्क कसा अडवला जात होता, हे त्यावाचून कळावयाचे नाही.

हा इतिहास जुना आहे. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि शेतकऱ्यांच्या उद्धाराचा कार्यक्रम मंजूर झाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडले. राज्य त्याच काँग्रेसचे होते. बिल तसेच पडून राहिले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळे मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून आली, तरीही ते हलले नाही. खोती नाहीशी करणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले.

पुढे कूळकायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ हेच जमिनीचे मालक मानले जाणार होते. पण तो दिवस उजाडण्यापूर्वीच कित्येक कुळे जमिनीवरून नाहीशी झालेली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दांडेकर आणि खुदानपूर यांनी कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत दिसून आलेली गोष्ट अशी की, कुळांनी जमिनी 'राजीखुषीने' सोडून दिल्याच्या नोंदी जागोजाग झाल्या होत्या. विचार करा, जी जमीन वर्ष-दोन वर्षांत आपल्या मालकीची होणार, ती कोणता शेतकरी राजीखुषीने सोडील? मालकाच्या वाड्यावर बोलावून ज्याचा अंगठा उठवला गेला, त्याची खुषी त्या शब्दात होती. कागद मात्र सांगत होता की येथे जबरदस्ती झालीच नाही.

धर्माची गोष्ट तर याहून नवलाची आहे. त्याच कूळकायद्यात ८८-ब नावाचे कलम आहे. सार्वजनिक पूजास्थान, पांजरपोळ, गोशाळा अशा कामांसाठी असलेल्या ट्रस्टांच्या जमिनींना, काही अटींवर, कुळाच्या खरेदीच्या हक्कातून त्या कलमाने सूट दिली. शाळा आणि इस्पितळांचे ट्रस्टही त्यात आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गोशाळेच्या शेतात तीन पिढ्या राबलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. गाईच्या नावाने असलेल्या जमिनीचे रक्षण कायद्याने केले. ती जमीन नांगरणाऱ्याचे रक्षण करावयाचे राहून गेले. गाईविषयी माझे काही भांडण नाही. तिने काही ट्रस्ट स्थापन केलेला नव्हता.

मग कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ मध्ये आला आणि पुढे तो अधिक कडक करण्यात आला. पाच माणसांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमीन असेल तर चोपन्न एकर, बारमाही पाण्याखालची असेल तर अठरा एकर, एवढीच मर्यादा ठरली. कायदा येणार अशी कुणकुण लागल्यापासून वाडे फुटू लागले. एका चुलीवर जेवणारे भाऊ कागदावर विभक्त झाले, पाळण्यातली मुले जमीनदार झाली. यावर अधिक बोलण्याची गरज नाही. तुमच्या गावातली अशी घरे तुम्ही मला दाखवू शकाल.

हे सारे पाहून आपल्या माणसांनी काय केले? १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली नाशिक, खानदेश, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. नंतर १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे दहा मागण्या ठेवल्या, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. कडेवर मूल घेऊन बाया तुरुंगात गेल्या. त्यांतल्या बहुतेकांनी आठ वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती. म्हणजे ते आज तुम्ही आहात तसेच नवदीक्षित होते. दान मागावयास ते गेलेले नव्हते. पडीक जमीन भूमिहीनाला द्या आणि कसेल त्याला जमीन द्या, हे त्यांचे म्हणणे होते. आश्वासने मिळाली व सत्याग्रह थांबला.

त्या दहा मागण्यांचे पुढे काय झाले? पहिली मागणी अशी होती की, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. ती १२ एप्रिल १९९० रोजी पुरी झाली. पंचवीस वर्षे लागली, तरी झाली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती देण्याची मागणीही केंद्राने १९९० मध्येच कायद्याने मान्य केली. महाराष्ट्र राज्यात त्या १९६० पासून मिळत होत्या. दुसरी आणि तिसरी मागणी जमिनीची होती. तसबीर भिंतीवर लागली, कारण भिंतीची मालकी त्यामुळे बदलत नव्हती. जमिनीच्या मागणीत मालकी बदलावी लागते. आज चौदा एप्रिलला त्याच तसबिरीला हार घालण्यासाठी सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांची रांग लागते. तो हार मी नाकारीत नाही, घालू द्यावा. पण हार घालणाऱ्याला त्याच दिवशी दुसरी आणि तिसरी मागणी वाचून दाखवण्याची प्रथा आपण का पाडू नये?

येथे कोणी विचारील की, दानाची एवढी निंदा करता, मग आपल्या धम्मात दान नाही काय? आहे, आणि पारमितांमध्ये ते अगदी आरंभी आहे. म्हणूनच अनाथपिंडिकाची कथा तुम्ही मुलांना सांगत असता ती पुन्हा एकदा नीट पाहा. भगवंतांच्या संघासाठी त्याला जेत राजकुमाराचे उपवन हवे होते. राजकुमाराने किंमत सांगितली ती अशी की, साऱ्या जमिनीवर नाणी अंथर. अनाथपिंडिकाने गाड्या भरून नाणी आणली आणि अंथरली. त्याने दिलेली जागा पडीक नव्हती, वादातली नव्हती, पूर्ण मोल मोजून घेतलेली होती. आणि एकदा दिल्यावर ती संघाची झाली. दात्याच्या गाठीचे काही गेले काय, आणि घेणाऱ्याच्या हाती काही आले काय, एवढ्या दोन गोष्टी त्या कथेत अगदी उघड दिसतात. भूदानातल्या खडकाळ एकरांना हीच कसोटी लावा. देवस्थानाला सोन्याचा मुकुट वाहणाऱ्या आणि कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी न भरणाऱ्या कारखानदारालाही लावा.

ती आपल्या माणसांनाही लावली पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, तिच्याच शेजारी खेड्यातील भूमिहीनांची चिंता होती. आपल्यातही आता बंगलेवाले आहेत, ठेकेदार आहेत, आमदार आहेत. जयंतीच्या कमानीवर देणगीदार म्हणून त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्यांच्या गावातील भाऊबंदांची गायरान जमीन अतिक्रमण म्हणून काढली जाते, तेव्हा ते कोठे असतात? मी कोणाचे नाव घेत नाही. ज्याला लागेल त्याने समजून घ्यावे.

आता गायरानाविषयी थोडे स्पष्ट सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचा तो प्रश्न आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून जे भूमिहीन मागासवर्गीय सरकारी पडीक व गायरान जमीन कसत होते, त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने १९९१ मध्ये घेतला. निर्णय चांगला होता. मात्र ती तारीख सिद्ध करण्याचे ओझे कसणाऱ्यावर पडले, आणि ज्याच्या बापाला कधी पावती मिळाली नाही त्याच्यापाशी पुरावा कोठून असणार? पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. तो निकाल धनदांडग्यांनी गिळलेल्या तळ्यांसाठी आणि गायरानांसाठी होता. भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसाठी त्यात अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. तरी नोटिसा आल्या की त्या पहिल्याने कोणाच्या झोपडीवर डकवल्या जातात, हे तुम्हांला सांगावयास नको. नोटीस आली तर घाबरून घर सोडू नका. त्या निकालातील अपवादाचा आणि १९९१ च्या निर्णयाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या.

दादासाहेबांच्या नावाने २००४ पासून एक योजनाही चालू आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावयाची. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. पण जमीन सरकारने ठरवलेल्या दराच्या मर्यादेत मालकाकडून राजीखुषीने विकत घ्यावयाची असते. राजीखुषी हा शब्द पुन्हा आला पाहा! कुळाने सोडताना जी राजीखुषी एका रात्रीत उपजली, ती मालकाने विकताना वर्षानुवर्षे उपजत नाही. तेव्हा अर्ज करणाऱ्यांनी नुसता अर्ज देऊन वाट पाहू नये. आपल्या तालुक्यात विकाऊ जमीन कोठे आहे, तिचा दर काय, हे स्वतः शोधून समाजकल्याण कार्यालयाला लेखी कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी.

भगिनींनो, शेवटचे सांगणे तुम्हांला आहे. घरी गेल्यावर पेटीतले कागद काढा. वतनाची जमीन असेल तर तिचा सातबारा आजच्या तारखेचा काढून आणा. आजोबांचेच नाव अजून चालत असेल तर वारसनोंदीचा अर्ज करा आणि वारसांत लेकीसुनांची नावे गाळली गेली आहेत काय ते सहा-क च्या नोंदवहीत पाहा. गायरान कसत असाल तर गाव नमुना एक-ई मध्ये तुमच्या अतिक्रमणाची नोंद कोणत्या सालापासून आहे, त्याची नक्कल मागा. दंडाची जुनी पावती सापडली तर ती देव्हाऱ्यातला टाक विसर्जित केलात त्या कोनाड्यात, बुद्धमूर्तीच्या शेजारी, जपून ठेवा. तलाठी 'उद्या या' म्हणाला तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्याची सही व तारीख घ्या, आणि ती तारीख त्या दिवसाचीच आहे ना, हे कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहा.